साक्षीला नाव दिलंय, पण सांगू काय?

आदरणीय मावशी, सलाम.
मी नगर जिल्ह्यातली. सध्या पुण्यात एस. वाय. बी. एस्सी.ला आहे, विषय झूऑलॉजी. हॉस्टेलला राहते. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवरही आहेत. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूनं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांपैकी चौथा उद्गार दरवर्षी त्यांच्याकडेच असतो. रविवारची शब्बाथ शाळा, वचनांचं पाठांतर, तरुण संघ हे सगळं मी मनापासून केलंय. पण गेल्या दीड वर्षात काहीतरी सुटलंय. उत्क्रांती शिकताना पहिला धक्का बसला. सप्टेंबरमध्ये मला डेंगी झाला, तेव्हा माझ्या रूममेटनं आठ दिवस माझं सगळं केलं. तिची आजी वारकरी आहे. तिनं आळंदीहून माझ्यासाठी डाळिंबं पाठवली. बरी झाल्यावर पहिल्याच रविवारी चर्चमध्ये संदेश ऐकला, की ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं नाही ते सगळे नाशाच्या वाटेवर आहेत. मी मधेच उठून बाहेर आले.
कॉलेजच्या ग्रुपमध्ये देवाधर्माची चेष्टा चालते. मीही हसते. पण एकदा एकजण म्हणाला, "तुम्ही तर काय, दुष्काळात तांदळासाठी बाटलेले!" तेव्हा मी अर्धा तास ख्रिस्ती धर्माची बाजू मांडत बसले, आणि ती मला स्वतःलाच पटत नव्हती. रात्री झोप लागत नाही. असा विचार करणं हेच पाप असेल का, अशी भीती वाटते. आता २६ डिसेंबरला तरुणांची उपासना आहे आणि बाबांनी मला न विचारताच साक्षीसाठी माझं नाव दिलंय. उभी राहू का? घरी खरं सांगू का? सांगितलं तर माझं पुणं बंद होईल, असं वाटतं.
– एक अस्वस्थ मुलगी

प्रिय मुली, सलाम.

२६ तारीख जवळ आलीय, म्हणून आधी साक्षीचं बोलते. साक्ष देऊ नकोस.

साक्ष म्हणजे आपल्या बाबतीत जे घडलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. जे घडलेलंच नाही, किंवा घडलं होतं पण आता हाताला लागत नाही, ते तू कशी सांगणार? सांगू शकशील, हे मला ठाऊक आहे. मंडळीत वाढलेल्या मुलीला साक्षीची वाक्यं तोंडपाठ असतात. 'मी अंधारात होते', 'प्रभूनं माझा हात धरला', सगळे आमेन म्हणतील, बाबांचा चेहरा फुलेल. आणि तू रात्री पडल्या पडल्या छताकडे बघत बसशील. तुझ्या मनात देवाबद्दल जो काही मान अजून शिल्लक आहे, त्याला सगळ्यात जास्त इजा या खोटेपणानंच होईल. शंका एवढी इजा करत नाहीत.

पण त्याच व्यासपीठावरून 'माझा विश्वास उरला नाही' असंही जाहीर करू नकोस. तो दिवस पोराटोरांचा, गाण्यांचा आणि जेवणाचा असतो. तिथं आईबाबांना सगळ्यांदेखत उघडं पाडण्याची गरज नाही. आजच बाबांना फोन कर. म्हण, "बाबा, यंदा साक्ष द्यायला माझं मन तयार नाही. मी शास्त्रवाचन करते." लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, वाच. वाचणारी आपला आवाज पुस्तकाला देते, स्वतःबद्दल काही कबूल करत नाही. गाण्याचंही मला तसंच वाटतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आपल्या जिभेवर आईच्या भाषेसारखी बसलीत. ती गाताना कुणी तुझ्याकडून विश्वासाची पावती मागत नाही. बाबांनी कारण विचारलं तर 'मनात काही प्रश्न आहेत, नीट बसून बोलू' एवढं पुरे. ते खरंच आहे.

तुझं पत्र वाचताना सारखं वाटत होतं, की तू तीन वेगवेगळ्या दुखण्यांची एकच मोळी बांधलीयस आणि तिला 'माझा विश्वास गेला' असं नाव दिलंयस.

उत्क्रांतीचं दुखणं त्यातलं सगळ्यात हलकं, आणि हे तुलाही कळलंय. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला आणि दुसरा अध्याय शेजारी ठेवून वाच. पहिल्यात आधी प्राणी होतात, मग माणूस. दुसऱ्यात आधी माणूस, आणि मग त्याला सोबत हवी म्हणून प्राणी. ज्यांनी हे दोन्ही अध्याय एकाच पुस्तकात लागोपाठ ठेवले, त्यांना हा फरक दिसला नसेल का? झूऑलॉजीचं पुस्तक लिहायला ते बसलेच नव्हते. उत्क्रांती मानणारे आणि प्रार्थनाही करणारे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत, अजिबात प्रार्थना न करणारेही पुष्कळ आहेत. परीक्षेत उत्क्रांती निःशंक मनानं लिही. ती खरी आहे. देव आहे की नाही, ते त्या पेपरात ठरत नाही.

खरं दुखणं डाळिंबांचं आहे.

ज्या बाईनं तुला कधी पाहिलं नाही, तिनं तुझ्यासाठी फळं निवडून पाठवली, आणि आठ दिवसांत तुझ्या कानावर आलं की ती नाशाला चाललीय. तू उठून बाहेर आलीस. मुली, त्या वेळी तू काही गमावलं नाहीस. इतक्या वर्षांच्या शब्बाथ शाळेतून तुझ्यात जे मुरलं होतं, तेच उठून बाहेर आलं. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुला कुणी शिकवली? वाटेत अर्धमेल्या पडलेल्या माणसाला याजक ओलांडून गेला, लेवी ओलांडून गेला, आणि ज्याला 'आपला' म्हणायची कुणाची तयारी नव्हती तो परका थांबला. येशूनं शेजारी म्हणून कुणाकडे बोट दाखवलं, ते तू लहानपणी चित्रात रंगवलं असशील. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या निवाड्याचं चित्र आहे. तिथं विचारतात ते हेच, की भुकेल्याला खायला दिलंस का, आजाऱ्याची विचारपूस केलीस का.

याच पुस्तकात 'मीच मार्ग', माझ्यावाचून पित्याकडे कुणी येत नाही, हेही येशूचं वचन आहे, ते तुझ्यापासून लपवणार नाही. त्या दिवशी संदेश देणाऱ्यानं ते पदरचं घातलेलं नाही. ही दोन्ही वचनं एका ठिकाणी कशी नांदायची यावर ख्रिस्ती लोक शतकानुशतकं भांडत आलेत, आणि ज्यांची मतं तुझ्यासारखी होती ते सगळे काही चर्च सोडून गेले नाहीत. माझं मत विचारशील तर सांगते. आळंदीच्या त्या आजीला नरकात घालणारा देव मी मानत नाही. ते मानायचं सोडलं तेव्हा माझं मन हलकं झालं, आणि त्यानंतरच मला पुन्हा चर्चमध्ये बसता येऊ लागलं. पण हे माझं झालं. तुझं काय होईल ते तुझं तुला ठरवायचंय.

आता त्या 'बाटलेले'बद्दल. हा शब्द ऐकून तुला राग आला, यात विसंगती काही नाही. तू बाजू मांडलीस ती धर्मसिद्धांताची नव्हती, तुझ्या पणजीच्या आईची होती. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला तो पंचेचाळीस वर्षांनी. त्या दुष्काळात आणि नंतरच्या वर्षांत महार-मांग कुटुंबं मोठ्या संख्येनं मंडळ्यांत आली, हे खरं आहे. भूक होती, हेही खरं. पण ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, ज्यांच्या मुलांना शाळेच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्यांना कुणीतरी जवळ बसवून घेतलं, मुलीच्या हातात पाटी दिली. पोटासाठी की मानासाठी, असा हिशेब ज्याचं पोट कायम भरलेलं आहे तोच मागू शकतो. उपाशी माणसाला त्या दोन भुका वेगळ्या करता येत नाहीत.

आणि फायद्याचंच म्हणत असेल तो मुलगा, तर त्याला १९५० सालचा राष्ट्रपतींचा आदेश वाचायला सांग. त्यानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला जवळजवळ हिंदूंपुरताच होता. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेरच आहेत. तांदूळ कधीच संपले, ही किंमत घराघरांतून अजून मोजली जातेय. मंडळीत आल्यानं जात संपली असं मात्र मी म्हणणार नाही. लग्नं जुळवताना आपल्यातही कोण काय विचारतं ते मी पाहिलंय, आणि त्याची मला लाज वाटते. तुझ्या प्रश्नांच्या यादीत हाही असू दे.

तुझी पणजीची आई जन्मानं जे मिळालं ते सोडून उठली, तेव्हा तिला तिच्या भावकीनं काय काय ऐकवलं असेल! म्हणजे तुमच्या घरात 'हे असंच का?' असं विचारणारी तू पहिली नाहीस.

तुला आणखी एका मुलीबद्दल सांगायचंय. मुलगी म्हणते खरी, पण ज्या भांडणाबद्दल सांगणार आहे तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, विधवा होत्या आणि एका लहान लेकीच्या आई होत्या. पंडिता रमाबाई. केडगावचं मुक्ती मिशन आणि भिंतीवरचा तो पांढऱ्या लुगड्यातला फोटो एवढंच आपल्याला माहीत असतं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला गेल्या. कॉलेजात असतानाच त्यांचं वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून मोठं भांडण झालं. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा सिद्धांत त्यांना पटत नव्हता. चर्च सांगतं म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत वाद गेला. १८८५ च्या मे महिन्यात त्यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा, की आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मी नुकतंच मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं म्हणणं देवाचा हुकूम समजून तसलंच जोखड पुन्हा मानेवर घेणार नाही. परक्या देशात, आश्रय देणाऱ्या माणसांनाच एक बाई हे सांगत होती. ही पत्रं पुढे छापली गेलीत. कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाली तर वाच. तुझ्या ग्रुपमधल्या चेष्टेपेक्षा आणि त्या रविवारच्या संदेशापेक्षा त्यांत तुला जास्त खोल पाणी सापडेल.

रमाबाईंनी नंतर लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाल्याचं त्या सांगतात ते जवळजवळ आठ वर्षांनंतरचं. आणि ते सांगणारी त्यांची साक्ष लिहून झाली १९०७ साली, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षांनी. तुला दोनतीन आठवडे दिलेत.

हे सांगण्यामागे 'तूही शेवटी परत येशील' असा माझा हेतू आहे असं समजू नकोस. परत येशील की नाही हे मला माहीत नाही. मी स्वतः १९७४ साली पुण्यात शिकायला आले आणि सहा वर्षं चर्चची पायरी चढले नाही. मग चढले. माझा धाकटा भाऊ माझ्यानंतर पाच वर्षांनी चर्चला जायचा थांबला, तो आज साठी ओलांडून गेला तरी परत गेलेला नाही. आमच्यापैकी अडल्यानडल्याच्या मदतीला आधी कोण धावतं, हे आमच्या गल्लीत विचारलंस तर माझ्या भावाचं नाव येईल. नाताळात तो माझ्याकडे येतो, मटणावर ताव मारतो, अनारसे डब्यात भरून नेतो. प्रार्थनेच्या वेळी मान खाली घालून गप्प बसतो. ते तो आमच्यासाठी करतो.

असं गप्प बसणं मला त्या वयात जमलं नव्हतं. पुण्याला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते. घरी पाहुणे होते. जेवणाआधी आईनं नेहमीसारखी प्रार्थना सुरू केली. ती मोठ्यानं प्रार्थना करायची, साध्या बोलीत, देवाला घरातली खबर दिल्यासारखी. मी मधेच म्हणाले, "आई, कुणाशी बोलतेस तू?" दोघं हसले. आई थांबली, म्हणाली, "जेवा." त्यानंतर कितीतरी वर्षं ती माझ्यासमोर मोठ्यानं प्रार्थना करत नव्हती. मी घरात असले की ओठ हलवायची फक्त. मी पुन्हा चर्चला जायला लागल्यावरही तिचा तो आवाज माझ्यासमोर पूर्ण परत आला नाही. चर्च सोडल्याचं मला आजही वाईट वाटत नाही, ती सहा वर्षं मला हवी होती. त्या एका वाक्याचं मात्र वाटतं. म्हणून तुला सांगते, प्रश्न विचार, सगळे विचार, पण आईच्या प्रार्थनेच्या मधे नको. आणि ग्रुपमध्ये हसताना एकदा बघ, की तू कशावर हसतेस आणि त्यात तुझी आई येते का. जिथं बसायला मिळावं म्हणून चेष्टा करावी लागते, तिथंही साक्षच मागताहेत, वेगळ्या तऱ्हेची.

आता घरी सांगायचं की नाही. पुणं बंद होईल ही भीती मी उडवून लावणार नाही. तुझे बाबा मारझोड करणारे वाटत नाहीत, पण फी तेच भरतात आणि 'शिकून मुलगी बिघडली' असं म्हणायला मंडळीत चार तोंडं असतातच. डिग्री पुरी करणं हे तुझं पहिलं काम. तोवर मनातलं सगळं सांगितलंच पाहिजे असं काही नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलू नकोस, एवढं पाळ. प्रभुभोजनाचं, त्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीचं, तुझ्या मनावर ओझं येत असेल तर त्या दिवशी मागच्या बाकावर बस आणि उठू नकोस. प्रेषित पौलानंच म्हटलंय की माणसानं आधी स्वतःला पारखावं. लोक बघतील. बघू देत.

सांगायचं ठरवलंस तर फोनवर नको आणि नाताळात नको. आईला आधी सांग, तेही हाताला काम असताना. मटार सोलताना बायका जे ऐकून घेतात ते समोरासमोर खुर्च्यांवर बसून ऐकवत नाही.

माझ्या बाबांनी काय केलं ते सांगते. तेही शाळामास्तर होते आणि रविवारी आसपासच्या वाड्यांवर जाऊन उपदेश करायचे. मी येणार नाही असं सांगितल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. शनिवारी नेहमीप्रमाणे उपदेशाचा कागद माझ्यापुढे ठेवला, "शुद्धलेखन बघ." सुट्टीत घरी असले की हे माझं काम असायचं. मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि एका वाक्याशेजारी समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'हे पटत नाही'. त्यांनी ते वाक्य ठेवलं. पुढच्या सुट्टीत मी पुन्हा एका ठिकाणी तसंच लिहिलं, तेव्हा मात्र त्यांनी ते वाक्य काढून टाकलं. आमचं या विषयावर जे काही बोलणं झालं ते बरंचसं त्या समासातच झालं, आणि ते पुष्कळ होतं.

जोतीराव फुल्यांनी शेवटच्या पुस्तकात, जे त्यांच्या निधनानंतर १८९१ साली छापून आलं, एका कुटुंबाची कल्पना केलीय. बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमानं राहताहेत, कुणी कुणाचा हेवा करत नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. तुझ्या घरात ते लगेच जमेल असं नाही. पण हे आपल्याच मातीतल्या माणसानं लिहिलंय, बाहेरून आणलेलं नाही, हे बाबांशी बोलताना ध्यानात असू दे.

रात्रीच्या भीतीचं राहिलं. विचार करणं पाप असेल का, असं तू विचारतेस. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढ. ते तक्रारीनं भरलंय आणि अंधारातच संपतं, शेवटी समाधानाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. निष्पाप असूनही ज्याच्यावर संकटं कोसळली त्या ईयोबानं देवाला तोंडावर जाब विचारला. शेवटी देव रागावला तो त्याच्या मित्रांवर, जे देवाची बाजू घेऊन ईयोबाला गप्प करत होते. तुझ्यावर रागावण्याआधी त्याला बऱ्याच जणांवर रागवावं लागेल. पण भीती अंगात बसलेली असेल तर वाचून जात नाही. आणखी दोन आठवडे झोप अशीच उडालेली राहिली, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. ते जमण्यासारखं नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. डेंगीनंतर अंगातली ताकद जाते आणि मनही खचतं, तेही लक्षात घे. रूममेटला सांग की तुला झोप लागत नाही. तिनं आठ दिवस तुझं केलंय, तिला हे ऐकायचा हक्क आहे.

एक गोष्ट तू पत्रात सहज लिहून गेलीस, ती माझ्या मनातून जात नाही. चौथा उद्गार दरवर्षी बाबांकडे असतो. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' सातांपैकी हा एकच उद्गार प्रश्न आहे, आणि तो तुझे बाबा दरवर्षी भर उन्हात, उपाशीपोटी, सगळ्या मंडळीपुढे उभं राहून उच्चारतात. तो नेहमी त्यांच्याकडेच का येतो? ते मागून घेतात का? तुला माहीत नसेल. परीक्षा झाली, उन्हाळा लागला आणि तू घरी असलीस, की त्यांची तयारी चालू असताना शेजारी जाऊन बस. त्यांना विचार, "बाबा, हा प्रश्न तुमच्या स्वतःच्या मनात कधी आला होता?" मग ते जे सांगतील ते मधे न बोलता ऐक. त्या दिवशी तुझं सांगायचं राहून गेलं तरी चालेल. ते काय म्हणाले, ते मला कळव.

तुझी,
मावशी